खांद्यावरचा चष्मा: एका ब्रोचच्या जोडीच्या नोंदी

४ जानेवारी

आमच्या हौशी मंडळाने यंदा ग्रीक राजा इडिपसची कथा घेतली आहे आणि वेशभूषा नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडली आहे. बाकी कपडे होतील. अडकलंय ते राणी जोकास्टाच्या खांद्यांवरच्या दोन ब्रोचपाशी. दिग्दर्शक म्हणाला, "काहीतरी ग्रीक दिसेल असं कर, लांबून कोण बघतंय!" हे मी प्रत्येक नाटकाला ऐकते आणि प्रत्येक वेळी पहिल्या रांगेतलं कोणी ना कोणी बघतंच.

या नाटकात तर बघायलाच हवं. शेवटाकडे दूत येऊन सांगतो, की राणीने गळफास घेतला आणि राजाने तिच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या टाचण्या उपसून स्वतःचे डोळे फोडले. रंगमंचावर यातलं काहीच घडत नाही, ते नुसतं ऐकायचं असतं. म्हणजे तोवर प्रेक्षकाच्या डोळ्यांत ते ब्रोच भरलेले हवेत, आणि त्यांना खरं टोक आहे हे त्याला न सांगता कळलेलं हवं.

शिवाय पेप्लॉसला, म्हणजे राणीच्या ग्रीक वस्त्राला, शिलाई नसते. एक मोठं आयताकृती लोकरी कापड, वरची कड बाहेरच्या बाजूला दुमडलेली, अंगाभोवती घेतलेलं आणि दोन खांद्यांवर टाचलेलं. कमरेला पट्टा, बस. ब्रोच सुटला की राणीची अब्रू गेली. मागे एका नाटकात मी बिल्ल्यामागे सेफ्टी पिन चिकटवून काम भागवलं होतं. दुसऱ्या अंकात पिन कापडात राहिली आणि बिल्ला टणटणत विंगेत गेला. तेव्हापासून डिंक आणि सेफ्टी पिन या जोडीवरचा माझा विश्वास उडालाय.

५ जानेवारी

नमुना ठरला. पुरातत्त्ववाले त्याला 'चष्मा फिब्युला' म्हणतात आणि चित्र पाहिलं की दुसरं नाव सुचतही नाही. तारेची दोन चपटी वेटोळी, डासांच्या अगरबत्तीसारखी, शेजारी शेजारी. मध्ये जोडणारा पूल, काही नमुन्यांत त्या पुलाला इंग्रजी आठाच्या (8) आकड्यासारखा वळसा. फिब्युला म्हणजे कापड टाचायची पिन. आपली सेफ्टी पिन तिचीच धाकटी नात. वॉल्टर हंटने १८४९ साली अमेरिकेत सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं, पण स्प्रिंग, सुई आणि टोक झाकणारा आकडा ही त्रयी त्याच्या आधी तीन हजार वर्षं युरोपात माणसांच्या खांद्यावर होती.

चष्म्याचा हा प्रकार ग्रीस, बाल्कन आणि मध्य युरोपात सापडतो. ऑस्ट्रियातल्या हालस्टाटला, मिठाच्या खाणीपाशी, योहान गेओर्ग रामसाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्याने १८४६ ते १८६३ या काळात सुमारे ९८० कबरी उघडल्या आणि त्यांची जलरंगात चित्रं काढून घेतली. त्यांतल्या बायकांच्या कबरींमध्येही हे चष्मे आहेत. ग्रीसमध्ये इ. स. पू. ८व्या शतकाच्या आसपास त्यांची चलती होती. नाटक लिहिलं गेलं इ. स. पू. ५व्या शतकात, तेव्हा ही फॅशन जुनी झाली होती. कथेतलं थीब्ज शहर त्याहूनही प्राचीन. मी अधेमधे कुठेतरी बसले आहे. कोणाला आक्षेप असेल तर त्याने दुसरा अंक होईपर्यंत थांबावं.

मला भुरळ घातली ती दुसऱ्याच गोष्टीने. अख्खा ब्रोच एका तारेचा. डाव्या वेटोळ्याच्या केंद्रातून तार मागे वळते आणि तीच सुई होते. उजव्या वेटोळ्याच्या केंद्रातून दुसरं टोक मागे येतं आणि त्याचा आकडा होतो. कुठे डाग द्यायचा नाही, काही चिकटवायचं नाही. निखळून पडायला सुटा भागच नाही.

७ जानेवारी

आधी तांब्याची तालीम. घरातल्या जुन्या वायरिंगची २ मिलिमीटरची तार सोलून घेतली.

किती तार लागेल याचा हिशेब वहीत तीनदा चुकला, मग सोपा रस्ता सापडला. घट्ट वेटोळं म्हणजे शेवटी एक चकतीच. चकतीचं क्षेत्रफळ भागिले तारेची जाडी, की लांबी मिळाली. मला ४४ मिलिमीटर व्यासाची चकती हवी. क्षेत्रफळ सुमारे १५२० चौरस मिलिमीटर, भागिले २, म्हणजे ७६० मिलिमीटर. एका चकतीला ७६ सेंटिमीटर! मी अंदाजाने ४० धरले होते. दोन चकत्यांचे १५२, पुलाचे १०, सुईला ९, आकड्याला ४, असे एका ब्रोचला १७५ सेंटिमीटर. पितळेत त्याचं वजन सत्तेचाळीसेक ग्रॅम भरेल.

पहिलं वेटोळं छान झालं. दुसरंही छान झालं, पण चुकीच्या दिशेचं. गुंडाळताना दोन्ही केंद्रातून बाहेर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली, त्यामुळे तार एका चकतीच्या माथ्यावरून निघून दुसरीच्या तळाशी शिरली. पुलाऐवजी तिरका 'एस' तयार झाला. पूल सरळ वरून जायला हवा असेल तर दोन चकत्या एकमेकींचं आरशातलं रूप हव्यात. एक काट्यांच्या दिशेने, दुसरी विरुद्ध. बूट घालताना जे कळतं ते तार वळताना कळत नाही.

८ जानेवारी

दुसरी तांब्याची तालीम. दिशा बरोबर. सुई मात्र लोण्यासारखी, लोकरीच्या चार पदरांत घातली की वाकते. दोन्ही तुकडे डब्यात टाकले.

११ जानेवारी

पितळेची तार आली, २ मिलिमीटर, ओढून काढलेली, म्हणून कडक. ग्रीकांचं काम कथील घातलेल्या काशाचं असे. पितळ ही माझी लबाडी आहे, पण दूत 'सोन्याच्या' म्हणतो आणि दिव्याखाली सोन्याच्या जवळ पितळच जातं.

कडक तार अकरा फेरे घट्ट बसत नाही, उसळून बाहेर येते. ती आधी लाल करून मऊ करावी लागते. तार सैल गुंडाळून भट्टीच्या विटेवर ठेवली, खिडक्या उघडल्या, दिवा मालवला आणि गॅसची ज्योत फिरवत राहिले. दिवा मालवायचा कारण हवा असलेला लाल रंग अगदी अंधुक असतो, उजेडात तो दिसेपर्यंत तार वितळायला आलेली असते. शिवाय पितळ फार तापवलं तर त्यातलं जस्त उडून पांढरा धूर येतो आणि तो छातीत जाता कामा नये. तार लाल झाली, ज्योत काढली, लाली विझून काळी पडू दिली आणि मग पाण्यात टाकली.

वरचा काळा थर काढायला लिंबूसत्त्वाचं गरम पाणी केलं, १०० मिलिलिटरला १० ग्रॅम. थर गेला. तार चिमट्याने उचलली आणि बघते तर पितळ गुलाबी! लहान बाळाच्या टाचेसारखं गुलाबी.

१२ जानेवारी

गुलाबीचं कोडं सुटलं. चिमटा लोखंडी होता. आम्लात पितळेतलं थोडं तांबं विरघळलेलं असतं, त्यात लोखंड बुडवलं की ते तांबं बाहेर पडून समोर असेल त्या धातूवर बसतं. मी अजाणता तारेला तांब्याचा मुलामा चढवला होता. त्याच पाण्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं घातलं, तार दहा मिनिटं ठेवली, पिवळा रंग परत. यापुढे आम्लात फक्त लाकडी चिमटा. लोखंडीवर लाल दोरा बांधून ठेवलाय, घरातल्या इतरांसाठी आणि खरं तर माझ्यासाठीच.

१४ जानेवारी

गुंडाळण्याचं काम हाताला एकदा समजलं की त्यात एक गुंगी आहे. पहिला फेरा गोल नाकाच्या पकडीने, अगदी लहान, डोळ्यापुढे धरून. तो वेडावाकडा झाला तर पुढचे दहा फेरे तेच वाकडेपण मोठं करून दाखवतात. पहिला फेरा बसला की पकड बदलायची, चपट्या नाकाची घ्यायची, जबड्यांना चामड्याची पट्टी चिकटवून. चकती जबड्यात आडवी धरायची आणि डाव्या अंगठ्याने तार तिच्या कडेला दाबत न्यायची. एका वेळी बोटभर, मग पकड सरकवायची, पुन्हा बोटभर. घाई केली की दोन फेऱ्यांमध्ये केसभर फट राहते. ती नंतर बुजत नाही, फक्त शेजारी सरकते.

सातव्या फेऱ्याला अंगठ्याचं कातडं सोललं. पट्टी बांधली. अकरावा फेरा संपला तेव्हा चकती ४५ मिलिमीटर भरली, हिशेबापेक्षा एक जास्त. ती त्या केसभर फटींची बेरीज. चालेल.

दुसरी चकती टोकाकडून मध्याकडे आणायची असल्यामुळे पुलाला नेमके १० सेंटिमीटर उरायला हवेत. उरले साडेआठ. आठाचा वळसा जरा आखूड झाला. ग्रीकांनाही असंच होत असणार, म्हणून मनाला समजावलं.

मग दोन्ही चकत्या सपाट लोखंडी तुकड्यावर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्या. चकती सपाट होते आणि ठोकण्याने पितळ पुन्हा कडक होतं. दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा.

१५ जानेवारी

नाही, पुरेसं महत्त्वाचं नव्हतं. सुई उघडायला गेले आणि डाव्या चकतीचं केंद्र पुढे आलं, शंकूसारखं, घडीची दुर्बीण उघडावी तसं. कारण उघड आहे. या ब्रोचला वेगळी स्प्रिंग नाही, वेटोळ्याचा आतला फेराच लवतो. आणि मी सगळी तार मऊ केली होती, सुईसकट.

लोखंडी विळ्याला पाणी पाजून धार टिकवता येते तसं पितळेला पाजता येत नाही. ते कडक करायचं तर ठोकूनच, किंवा पिळून. म्हणजे चूक आधीची, तार तापवतानाची. हा तुकडा बाद.

१७ जानेवारी

नवी तार. या वेळी सुईचे ९ सेंटिमीटर ओल्या फडक्यात गुंडाळून ज्योतीबाहेर ठेवले, चकत्यांचा भाग तेवढा लाल केला. फडक्याचा वाफारा हातावर आला, पण सुई मूळच्या कडकपणात राहिली. दोन्ही ब्रोचच्या तारा अशाच तयार केल्या. गुंडाळून झाल्यावर चकत्या दोन्ही बाजूंनी जास्त वेळ ठोकल्या, आतले तीन फेरे विशेष.

आता शंकू होत नाही. तरी नियम केलाय, अंगठ्याने चकती दाबून धरायची आणि मगच सुई उघडायची. हा नियम जोकास्टा करणाऱ्या मुलीला शिकवायचा आहे, आणि तिला कपडे नेसवणाऱ्या मुलीला आधी.

१८ जानेवारी

आजचा दिवस सुईच्या टोकाचा. ब्रोचमधलं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळं त्याच्यावरच अवलंबून.

पेन्सिलीला करतो तसं आखूड टोक केलं तर सुई कापडात शिरते पण मागून जाडी येऊन धागे तोडते. म्हणून उतार लांब हवा. शेवटच्या ३० मिलिमीटरवर तार २ वरून हळूहळू खाली आणली. लाकडी ठोकळ्यात एक खाच करून तार तिच्यात ठेवायची, एका हाताने तार फिरवत राहायची, दुसऱ्या हाताने कानस पुढे ढकलायची. कानस फक्त पुढे जाताना कापते, मागे ओढताना उचलायची. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग १२००. शेवटी टोकाच्या अगदी शेंड्याला १२००ने दोनदा हलकंसं गोल केलं. हे विचित्र वाटेल, पण सुई धारदार नको, निमुळती हवी. धारदार टोक धागा चिरतं, निमुळतं टोक दोन धाग्यांमधून वाट काढतं.

परीक्षा सोपी आहे. सैल विणीच्या लोकरीतून सुई आरपार काढायची, पाणी शिंपडायचं, भोक मिटलं पाहिजे. पहिल्या वेळी एक धागा सुईबरोबर बाहेर आला, तिथे बघितलं तर कानशीची एक बारीक रेघ राहिली होती. पुन्हा ८००पासून.

आकड्याच्या पलीकडे सुई ५ मिलिमीटर बाहेर ठेवली. किती ठेवावी यावर ग्रीक इतिहासकार हेरोडोटसची एक गोष्ट आठवते. एजिना बेटावरच्या मोहिमेतून अथेन्सचा एकच माणूस जिवंत परतला. बाकीच्यांच्या बायकांनी त्याला घेरलं आणि 'माझा नवरा कुठे?' विचारत आपल्या वस्त्रांच्या टाचण्यांनी त्याला भोसकून मारलं. अथेन्सवाले इतके हादरले की त्यांनी बायकांचा पोशाखच बदलला, ज्याला टाचण्या लागत नाहीत असा खितोन नावाचा लिननचा झगा त्यांच्या अंगावर आला. आणि अथेन्सचा राग असलेल्या आर्गॉस आणि एजिनाच्या लोकांनी काय केलं? आपल्या बायकांच्या टाचण्या दीडपट लांब केल्या.

मी ५ मिलिमीटरवर थांबले.

१९ जानेवारी

आकडे झाले. उजव्या केंद्रातून आलेली तार ठोकून चपटी केली आणि पन्हाळीसारखी वळवली. उघडी बाजू वर ठेवली, म्हणजे वस्त्राचा भार सुईला पन्हाळीच्या तळाशी बसवतो. खाली उघडी ठेवली असती तर त्याच भाराने ती बाहेर काढली असती.

२१ जानेवारी

लोंबकळण्याची परीक्षा. वस्त्र साधारण किलोभर आहे, म्हणजे खांद्यावर अर्धा अर्धा. मी दुप्पट धरलं. लोकरीचा पट्टा चार पदरी करून टाचला आणि त्याला पाण्याची एक लिटरची बाटली टांगली. रात्रभर. सकाळी बाटली जागेवर, सुई सरळ, लोकरीला भोकं मात्र ताणलेली. सुई जिंकली, कापड हरलं. भोकांच्या जागी आतून पातळ सुती पट्टी शिवून घेईन. ग्रीकांनी ती लावली नसेल, पण त्यांना हे कापड पंधरा प्रयोग पुरवायचं नव्हतं.

२५ जानेवारी

पहिल्यांदा जोकास्टा करणाऱ्या मुलीच्या अंगावर. "ताई, मस्त आहे, पण हे पुढे का पडतंय?" बरोबर होतं तिचं. दिग्दर्शकाला ब्रोच समोरून दिसायला हवे म्हणून आम्ही ते खांद्याच्या माथ्यावरून खाली, छातीच्या बाजूला आणले होते. माथ्यावर ब्रोच खांद्यावर झोपतो, त्याचं वजन कोणाला कळत नाही. खाली आणला की चकत्या हवेत येतात, सुई कापडात मागे राहते, आणि ४७ ग्रॅम पुढे झुकतात. वर मी सुई आणि चकती यांच्यात १२ मिलिमीटर अंतर ठेवलं होतं, जाड कापडासाठी म्हणून. ते अंतर म्हणजे झुकायला मिळालेली तरफ.

तिथेच विंगेत बसून दोन्हींचं अंतर ६ मिलिमीटरवर आणलं. चार पदर कसेबसे बसतात, पण बसल्यावर चकती कापडाला दाबून राहते आणि पदर सरकतही नाहीत. आधीच्यापेक्षा चांगलं झालं. दिग्दर्शकही दोन बोटं मागे सरकला, म्हणजे ब्रोचची जागा सरकवायला तयार झाला.

२७ जानेवारी

आज वाद. नेपथ्यवाल्याचं म्हणणं, "जुनं वाटत नाही, हिरवं कर." अमोनियाच्या वाफेत दोन दिवस ठेवलं तर होईलही हिरवं. पण का? ती हिरवळ अडीच हजार वर्षं मातीत राहिल्याची आहे. जोकास्टाचा ब्रोच तिच्या खांद्यावर असताना नवा होता, राणीचा होता, दासी तो रोज पुसत असतील. संग्रहालयात बघून आपल्याला प्राचीन म्हणजे हिरवं अशी सवय लागली आहे, तशी संगमरवरी पुतळे म्हणजे पांढरे अशीही लागली आहे. त्या पुतळ्यांवर एके काळी भडक रंग होते.

मी झकास चमकवले. बारीक स्टील वूल, पॉलिश, मग मेणाचा पातळ हात. सुईला आणि मागच्या बाजूला मेण दोनदा, नाहीतर घामाने पितळ हिरवट डाग सोडतं आणि वस्त्र पांढरं आहे.

त्याला पटलं नाही. प्रकाशयोजनेवाल्याला पटलं, कारण चकत्यांच्या अकरा कड्यांवरून दिवा वेगवेगळा परततो आणि ती मान वळवते तेव्हा खांद्यावर लहर उठते. हे मी ठरवून केलेलं नाही.

१ फेब्रुवारी

रंगीत तालीम. ब्रोच टिकले. नेसवायला चार मिनिटं, दोघींना मिळून. अंगठ्याचा नियम पाळला गेला, एकदा विसरला तेव्हा केंद्र किंचित पुढे आलं, ते लाकडी हातोडीच्या दांड्याने दाबून सारखं केलं.

दूताच्या भाषणानंतर दिग्दर्शकाला नवीन सुचलं. राजा बाहेर येतो तेव्हा त्याच्या मुठींत ते ब्रोच असावेत, रक्ताळलेले. कल्पना चांगली आहे. पण डोळ्यांवर पट्टी, हात थरथरत, पायऱ्या उतरताना, आणि मुठीत माझ्या १२०० नंबरच्या सुया? मी सरळ नाही म्हटलं. मग घरी येऊन डबा उघडला.

७ आणि ८ जानेवारीच्या दोन्ही तांब्याच्या तालमी आत होत्या. सुया कशाला लागल्या की लगेच वाकणाऱ्या. टोकं कापून गोल केली, सुया आत वळवून चकतीला चिकटवून टाकल्या. एकीचा पूल सरळ, दुसरीचा तिरका 'एस', पण मुठीत कोण बघतंय.

रंगाचं रक्त दोन हात दिलं आहे. उद्या सकाळी वाळलंय का ते बघायचं. पितळेची तार उरली ४० सेंटिमीटर.